काटेमामांचा कापुऱ्या

दुकानात चांगले धुतलेले, पुसलेले आंबे मिळत असताना माणसाने बसने दिवसभराचा हेलपाटा घालावा, कुणाच्या तरी परसात उकिडवं बसावं आणि कधी न पाहिलेल्या झाडाचा आंबा चोखून बघावा, याला आमच्या घरात ‘मामांचं खूळ’ म्हणत. मामी त्याला आणखी एक शब्द वापरायची. तो मामांसमोर वापरण्यासारखा नव्हता, म्हणून ती मुद्दाम त्यांच्यासमोरच वापरायची.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणा दुकानातला छोटा काटा असो की गोदामातला पोती मोजायचा मोठा, तो खोटं बोलायला लागला की मामांना बोलावणं यायचं. त्यामुळे गल्लीत लहानथोर सगळे त्यांना काटेमामा म्हणायचे, अगदी त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. मी नोकरीसाठी या शहरात आले ती त्यांच्या दोन खोल्यांत तिसरी म्हणून घुसले, आणि लग्न झाल्यावरही दोन गल्ल्या सोडूनच बिऱ्हाड केलं. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी बघून हिचं स्वतःचं बंद राहत नाही, असं मामी म्हणते. खरं आहे. ही आंब्याची गोष्ट मामा कधी कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते.

त्यांना मूलबाळ नव्हतं. पण म्हणून मामांनी झाडांना मुलं मानलं, असं कुणी डोळे पुसत म्हणू नये. मामांना मुलांचा मनापासून कंटाळा होता. खरं तर त्यांना कशाचंच वेड नव्हतं. ना पत्ते, ना गाणी, ना राजकारण. काम करायचे, जेवायचे आणि रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत घोरायला लागायचे.

मग एकदा शहराच्या टोकाला असलेल्या साबणाच्या कारखान्यातला मोठा काटा अडकला. तो दुरुस्त करून निघताना गेटवरच्या वॉचमनने मामांच्या हातावर दोन आंबे ठेवले. हिरवेगार. मामांना वाटलं कच्चे आहेत. पिशवीत टाकले आणि विसरून गेले. दोन-तीन दिवसांनी मामी पिशवी झटकायला गेली, तर आतल्या पाना-पक्कडींना कापराचा वास. आंबे अजून हिरवेच होते, पण बोट लावलं की दबत होते.

मी तेव्हा तिथेच होते. मामीने ते कापले. गर पांढुरका, दोरा म्हणून नाही. आधी साधा गोड लागला, आणि गिळल्यावर घशाशी एकदम गार वाटलं. कोय मामीने चोखली. मामीला आंबा आवडत नाही, हे इथे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी मामा काम सोडून वॉचमनकडे गेले. झाड गेटच्या बाहेर, कुंपण आणि रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात एकटंच उभं होतं. उंची बेताची, कारण वरून विजेच्या तारा गेलेल्या, आणि वीजवाले दरवर्षी येऊन त्याचा शेंडा उडवून जायचे. फळ पिकूनही हिरवं राहायचं, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्याला ते कच्चं वाटायचं. कारखान्यातल्या माणसांना वास यायचा, पण त्यांना वाटायचं तो साबणाचाच. एवढी वर्षं ते आंबे वॉचमन एकटा खात होता आणि कुणाला सांगत नव्हता. मामांना दिले, कारण काट्याखाली अडकलेली त्याची चप्पल मामांनी काढून दिली होती.

मामांनी त्याचं नाव कापुऱ्या ठेवलं. दोन-चार आंबे घेऊन ते ओळखीच्या फळवाल्यांकडे गेले. फळवाले म्हणाले, “काटेमामा, चव झकास आहे. पण पिकून हिरवा राहणारा आंबा गिऱ्हाईक घेणार नाही. दाबून दाबून चिखल करेल नुसता.”

तेव्हा मामांच्या डोक्यात उजेड पडला, किंवा मामीच्या म्हणण्याप्रमाणे अंधार पडला. दुकानात सगळे मिळून आंबे किती जातीचे? चार. फार तर पाच. “ते चांगले असतात म्हणून येत नाहीत गं,” मामा मला म्हणाले, “ते ट्रकमध्ये टिकतात म्हणून येतात. जे टिकत नाहीत ते कुठे असतील?”

झालं. तिथून पुढे प्रत्येक मोसमात मामा ते शोधत हिंडले. काट्यांच्या कामानिमित्त बाजाराबाजारांतून जाणं व्हायचंच. काटा उघडायचा, स्प्रिंग साफ करायची आणि विचारायचं, “तुमच्याकडे एखादं वेगळं झाड आहे का हो आंब्याचं?” लोक काय, काहीही सांगतात. एकदा तीन बस बदलून ते ‘दुधाचा आंबा’ बघायला गेले. जिने बोलावलं होतं त्या म्हाताऱ्या बाईने त्यांना बसवलं, हात धुवायला पाणी दिलं आणि पाटीभर आंबे पुढ्यात ठेवले. मामा एकेक चाखत गेले. पोट तट्ट फुगल्यावर त्यांनी भीतभीत विचारलं, “आजी, हा तर दुकानातलाच लागतोय.” म्हातारी म्हणाली, “दुकानातलाच आहे. आमचं झाड पडून लई वर्षं झाली. तुम्ही एवढ्या लांबून येणार म्हणालात, मग आंबे नकोत का घरात?”

असं दहादा झालं की एकदा खरंच काही सापडायचं. खोबऱ्यासारखा कुरकुरीत लागणारा खोबऱ्या. बाटलीसारखा लांबडा बाटल्या. मग मामा त्या झाडाची काडी आणायचे. कोय लावून तोच आंबा येत नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. कोयीतून येईल ते रोप स्वतःच्या मनाचं. तोच आंबा हवा तर त्या झाडाच्या शेंड्याची काडी कापायची, दुसऱ्या कुठल्या तरी कोयीच्या रोपाचं डोकं उडवायचं, खुंटात चीर द्यायची आणि काडीची पाचर करून त्यात बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. एका रोपवाटिकेतल्या माळ्याकडून मामा हे शिकले. शिकताना अंगठा एवढ्या वेळा कापला की दुकानदार विचारायचे, काट्याने चावा घेतला का?

गच्चीवर रंगाचे रिकामे डबे जमत गेले. प्रत्येक डब्यात एक कलम. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकायला लागलं, तसं घरमालक वर आला आणि म्हणाला, “काटेमामा, ही गच्ची आहे, रान नाही.” मामांकडे टीचभर जमीन नव्हती. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने आंब्याची झाडं वाचवायला निघावं, यातला विनोद सगळ्यांना दिसायचा. मामांना दिसायचा नाही.

मग ते कलमं वाटायला लागले. ज्याच्या घरापुढे चार हात माती दिसेल त्याला गाठायचं. मुलीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी करायची. ऊन किती येतं? पाणी कोण घालणार? घरात शेळी नाही ना? लोक तोंडभरून हो म्हणायचे. आणि वर्षभराने मामा बघायला गेले की कळायचं, खोबऱ्या इस्त्रीवाल्याच्या अंगणात साबणाच्या पाण्याने गेला, बाटल्यावर कंपाउंडरने मोटारसायकलसाठी शेड बांधली, आणि शेळी नाही म्हणणाऱ्याच्या मेहुण्याकडे शेळी होती. मामा कुणाला काही बोलायचे नाहीत. घरी येऊन पायऱ्यांवर बसायचे. मामी वरून ओरडायची, “वर या, कोण गेलंय एवढं?” खोबऱ्याचं मूळचं झाड तोवर तोडलेलं होतं. म्हणजे तो आंबा गेला तो गेलाच. एखादी गोष्ट जगातून संपते आणि तिचा साधा आवाजही होत नाही, हे मी त्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाकडे बघून शिकले. ते शिकायला मला मुळीच आवडलं नाही.

या सगळ्यात कापुऱ्याचं कलम मात्र त्यांनी केलं नव्हतं. कशाला करतील? तो हाताशी होता. दर मोसमात वॉचमन पिशवी भरून द्यायचा, आम्ही खायचो, मामी कोय चोखायची. दुसरे आंबे मरणाच्या दारात, त्यांच्यामागे धावायचं. हा काय, आपला घरचाच.

पुढे कारखाना बंद पडला. वॉचमन तेवढा राहिला, रिकाम्या इमारतीची राखण करत. आणि एक दिवस त्याने निरोप पाठवला की रस्ता रुंद होणार आहे, झाडांवर नंबर टाकलेत, कापुऱ्यावरही टाकलाय.

मामांनी त्याच आठवड्यात दोन काड्या आणून बांधल्या. दोन्ही वाळल्या. पुन्हा आणल्या, पुन्हा वाळल्या. झाड म्हातारं, शेंडे हडकुळे. तोवर इकडे त्यांनी मला हाताशी धरून वृक्ष विभागात हरकतीचा अर्जही दिला. तिथल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. आंबा हिरवा राहतो, कापरासारखा वास येतो, हे मामांनी सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “सुनावणी लागेल. तोपर्यंत जिवंत झाडाला कुणी हात लावणार नाही, तेवढं मी बघते. वठलेली, धोकादायक झाडं मात्र लगेच काढतात, त्याला सुनावणी नसते.” मामांनी मान डोलावली. वठलेल्या झाडांशी आम्हाला काय करायचं होतं?

अर्ज एका हाताने, कलम दुसऱ्या हाताने, असं मामांनी ठरवलं. सुनावणीत हरलो तरी कापुऱ्या जगला पाहिजे. रोपवाटिकेतल्या त्या माळ्याला विचारून आले. माळी म्हणाला, अशा झाडाची काडी एकदम कापायची नाही. आठवडाभर आधी शेंड्यांची पानं खुडायची, नुसती देठं ठेवायची. पानं गेली की झाडाचा सगळा जोर शेंड्याच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत येतो, डोळे टपोरे फुगतात. मग कापायची. अशी काडी धरते.

रविवारी मी शिडी धरली आणि मामा चढले. झाड बुटकं असल्यामुळे जवळपास सगळे शेंडे हाताला येत होते. मामा खुडत होते, खुडतच होते. माझ्या डोक्यावर, खांद्यावर, चपलांवर पानं. खाली हिरवा ढीग झाला. मी म्हणाले, “मामा, दहा-वीस काड्या पुरे की. एवढ्या कशाला?”

“आत्तापर्यंत किती धरल्या?” त्यांनी वरून विचारलं.

“एकही नाही.”

“मग?”

उरलेले शेंडे ते आकडीच्या काठीने वाकवून घेत होते. संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. आतल्या बाजूला थोडी पानं होती, ती फांद्यांआड. रस्त्यावरून दिसत होत्या नुसत्या काड्या. मामा घामाने भिजलेले, आणि इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. म्हणाले, “आता आठवडाभर त्याला अजिबात त्रास द्यायचा नाही.”

आम्ही त्रास दिला नाही. मामांनी कोयीची रोपं आणून डब्यांत लावली, चाकूला धार लावली, प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून ठेवल्या. मामीने जुनं धोतर फाडून ओल्या फडक्यांची तयारी केली आणि वर ऐकवलंही, की माझ्या बाळंतपणाची झाली असती तर एवढीच झाली असती तयारी. वॉचमन त्या आठवड्यात लेकीकडे गेला होता.

ठरल्या सकाळी आम्ही बसमधून उतरलो, आणि मला आधी कळेना की आपण चुकीच्या स्टॉपला उतरलो का. कारखान्याची पाटी तीच होती. गेट तेच. आकाश मात्र फार होतं.

बुंधा नेला होता. फांद्या कुंपणाशी लोटून ठेवल्या होत्या आणि दोन माणसं त्या टेम्पोत टाकत होती. त्यांच्यावरचा मुकादम डोक्याला रुमाल बांधून उभा होता. मामांचं तोंड बघून त्याला वाटलं, काहीतरी मालकी हक्काचं भांडण आहे. तो समजुतीने म्हणाला, “काका, ते वठलं होतं हो. परवा साहेबांची गाडी गेली इकडून. पान नव्हतं एक. पडलं असतं कुणाच्या अंगावर, मग? कालच उतरवलं.”

मामा फांद्यांच्या ढिगाकडे गेले आणि एक शेंडा हातात घेतला. देठं गळून पडली होती. डोळे फुगले होते, अगदी माळी म्हणाला होता तसे टपोरे. मी जन्मात कलमाची काडी निवडली नव्हती, पण मलासुद्धा कळलं की काडी तयार झाली आहे. फक्त साल सुरकुतली होती. कालचं ऊन कडक होतं.

“पानं मी काढली होती,” मामा शेवटी म्हणाले. मुकादमाला नव्हे, हातातल्या काडीकडे बघून. मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली.

त्यातल्या त्यात सावलीत पडलेल्या काड्या आम्ही निवडल्या. मुकादम भला माणूस, त्याने टेम्पो थांबवला आणि आपल्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं. घरी येऊन मामा मान खाली घालून बांधत सुटले. डोकं उडव, चीर दे, पाचर बसव, बांध. मामी पट्ट्या देत होती. तिला आम्ही एवढंच सांगितलं की त्यांनी झाड वठलंय समजून तोडलं. ती त्या लोकांना दुपारभर शिव्या घालत होती. “डोळे फुटलेत का मेल्यांचे? जितं झाड कळत नाही?” मामांचा हात दोनदा थांबला. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी पट्टी मागितली.

काड्या काळ्या पडत गेल्या. रोज सकाळी गच्चीवर जायचं आणि खाली आलेल्या चेहऱ्यावरून मामीने समजून घ्यायचं. शेवटी जिन्याच्या भिंतीशी ठेवलेली एकच हिरवी उरली. आणि ती फुटली! खरंच फुटली. डोळ्यातून तांबूस, लुसलुशीत पानं बाहेर आली. मामी, जी त्या डब्यांना उठता-बसता नावं ठेवायची, ती पहिल्या मजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांना बोलावून आली. घरमालकसुद्धा बघून गेला. मामीने डब्याला आपली ओढणी बांधून सावली केली. मला म्हणाली, “बघितलंस? तुझा मामा वाटतो तेवढा वेडा नाही.”

मामा हसले. पण ते हसू मला खरं वाटलं नाही, म्हणून जिन्यात मी त्यांना अडवलं. “काय झालं? धरली ना?”

“अजून सांगता येत नाही,” ते म्हणाले. मग खाली बघत, हळू आवाजात, “काडी कधीकधी स्वतःच्या अंगातल्या ओलाव्यावर फुटते. खालच्या खुंटाशी जुळलेली नसली तरी. चार पानं काढते आणि संपते.”

“आणि ही?”

“ही सुरकुतलेली होती. हिच्यात होतं तेवढं तिने काढलं.”

“मामीला सांगायचं नाही?”

“राहू दे तिला चार दिवस आनंदात.”

पानं आली तशीच, हिरवी व्हायच्या आत मान टाकून गेली. मामी ओढणी सोडून घेऊन आली आणि मोरीत धूत बसली. मी तिच्या शेजारी बसले. मला रडू आवरेना, आणि रागही आवरेना, आणि राग कुणावर करायचा तेही कळेना. अडाण्याने तोडलं असतं तर त्याला शिव्या दिल्या असत्या. दुष्टाने तोडलं असतं तर शाप दिला असता. ज्याने झाडावर जीव टाकला त्याच्याच हाताने ते गेलं, आणि ते हात गच्चीवर रिकामे डबे एकात एक घालत होते.

त्यानंतर महिन्याभराने वृक्ष विभागातून फोन आला. बाईंनी बोलावलं होतं. मामा जायला तयार नव्हते. मी ओढून नेलं, निदान अर्ज बंद करून टाकू म्हणून. बाई आम्हाला बघून खुर्चीतून उठल्याच. “या, या काका. तुमच्यासाठी चांगली बातमी आहे, म्हणून फोनवर नाही सांगितली. सुनावणीची गरजच पडली नाही. तुम्ही जे सांगितलं होतं ना आंब्याबद्दल, ते मी वर जसंच्या तसं कळवलं. रस्त्याची आखणी बदलून घेतली. तेवढ्यापुरता रस्ता बाजूने वळेल. झाड राहतंय तुमचं.”

मी मामांकडे बघू शकले नाही. भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले.

“झाड तोडलं, बाई,” मामा म्हणाले.

“कोणी?” बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी आतून कुणाला तरी बोलावलं, विचारलं. तो माणूस म्हणाला, “ते वठलेल्यांत गेलं मॅडम. पाहणीच्या दिवशी पान नव्हतं.” बाई मामांकडे वळल्या. “काका, वठलेल्या झाडासाठी तुम्ही...”

“वठलं नव्हतं. पानं मी खुडली होती. सगळी. काड्यांसाठी.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, माळ्याचं, डोळ्यांचं, शिडीचं. शांतपणे, काट्यात काय बिघडलंय हे दुकानदाराला समजावून सांगावं तसं. बाईंनी मधे एकदा तोंडावर हात ठेवला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना मामांनी विचारलं, “मग रस्ता आता सरळ जाईल?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मंजूर झालंय. आता बदलायला गेलं तर सगळं काम अडेल.”

मामीला आम्ही अर्ज मंजूर झाल्याचं तेवढं सांगितलं. तो रस्ता झाला. कारखान्याच्या गेटाशी तो उगीचच डावीकडे वळसा घेतो आणि परत जागेवर येतो. मधे कुंपणाशी अर्धगोल जागा सुटली आहे, तिथे खडी पडलेली असते. मामांनी काट्यांची त्या बाजूची कामं सोडून दिली. आंब्यांचं तर नावच काढलं नाही. मोसम आला, गेला. मी दुकानातले आंबे नेऊन दिले, ते त्यांनी मुकाट्याने खाल्ले. छान आहेत म्हणाले. मला ते ऐकवेना.

गेल्या महिन्यात मामीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्हाला शहराबाहेरच्या दवाखान्यात जावं लागलं. बस त्याच रस्त्याने. मी आणि मामी बसलो होतो, मामा पुढच्या दाराशी दांडीला धरून उभे. वळण आलं, बस एका अंगाला कलली, उभी असलेली सगळी माणसं एकमेकांवर गेली. एकाच्या हातातला डबा पडला. तो वैतागून म्हणाला, “चांगला सरळ रस्ता जातोय, मधेच हे वळण कोणत्या शहाण्याने काढलं?”

मामी थोडीच गप्प बसणार! “शहाण्याने नाही हो, आमच्या ह्यांनी,” ती सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली. “इथे झाड होतं आंब्याचं. तसा आंबा जगात दुसरा नव्हता. ह्यांनी अर्ज केला, पाठपुरावा केला, म्हणून सरकारला रस्ता वळवावा लागला. तोडणाऱ्या मेल्यांनी तेवढ्यात घात केला, ती गोष्ट वेगळी. पण माणसाने एवढं करावं एका झाडासाठी! आणि हे कुणाला सांगायचे सुद्धा नाहीत.”

सगळे मामांकडे बघायला लागले. डबा पडलेला माणूस ओशाळला. दाराजवळचा एक म्हातारा आपली जागा सोडून उठला आणि मामांचा हात धरून म्हणाला, “बसा, बसा. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.”

मामांनी हात सोडवून घेतला. पुढच्या स्टॉपवर बस थांबली तशी ते उतरले. आमचा स्टॉप अजून लांब होता. मी हाक मारेपर्यंत दार लागलं आणि बस सुटली. मागच्या काचेतून दिसलं, ते चालत नव्हते. फुटपाथच्या कडेवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

“असे काय उतरले गं?” मामी घाबरून माझा दंड हलवत म्हणाली. “मी काही चुकीचं बोलले का? खरं तेच तर सांगितलं.”